मुळांना पानगळ नसते

झाडावरून पान गळते तेव्हा ते अर्धेअधिक रिकामे झालेले असते. साग, पळस, सावर, पानझडीचे कोणतेही झाड घ्या. पान पिवळे पडू लागते त्या दिवसांत त्याच्या आत मोठी हलवाहलव चाललेली असते. हरितद्रव्य मोडले जाते, प्रकाशसंश्लेषणाचे काम करणारी प्रथिने सुटी होतात, त्यांची अमिनो आम्ले बनतात आणि देठातल्या अन्नवाहिन्यांतून फांदीच्या सालीत, खोडात जाऊन बसतात. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक सैल पडदा तयार होतो आणि साध्या झुळकीनेही पान सुटते. नेदरलँड्सचे रीन आर्ट्स यांनी 1996 साली ठिकठिकाणची मोजमापे एकत्र केली, तेव्हा पानातल्या नत्राचा आणि स्फुरदाचा सरासरी निम्मा वाटा झाड गळतीपूर्वी परत घेते असे दिसले. 2012 साली व्हर्गुट्झ आणि सहकाऱ्यांनी अधिक मोठ्या माहितीसाठ्यावर हाच हिशोब मांडला, तेव्हा आकडे चढेच आले: नत्र 62 टक्के, स्फुरद 65, पालाश 70. आकडे चढण्याचे एक कारण असे की पिकताना पान स्वतःही हलके होते, ही गोष्ट त्यांनी हिशोबात धरली होती. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण पुढे मुळांच्या बाबतीत सगळा वाद त्याच्यापाशीच येऊन अडकतो.

त्याच झाडाच्या खाली, जमिनीत, आणखी एक गळती वर्षभर चालू असते. बारीक मुळ्या येतात, काही आठवडे किंवा काही महिने पाणी आणि अन्नद्रव्ये शोषतात आणि मरतात. त्या मरताना झाड काय करते? पानासारखे त्यांनाही रिकामे करून मग सोडते, की भरल्या मुळ्या मातीत टाकून देते? मुळांच्या पुढच्या सगळ्या ओळखीची सुरुवात मी या एका प्रश्नापासून करतो आहे. हा प्रश्न शाळकरी पोरानेही विचारावा इतका सोपा आहे, आणि तरीही त्याचे सरळ उत्तर मिळायला शास्त्रज्ञांना काही दशके लागली. ते उत्तर अजूनही पुरते झालेले नाही.

आधी कोणत्या मुळांविषयी बोलतो आहोत ते स्पष्ट करू. नाशिक-सांगलीकडचा द्राक्ष बागायतदार किंवा सोलापूरचा डाळिंबवाला ज्याला ‘पांढरी मुळी’ म्हणतो, तीच ही. छाटणीनंतर बोदाची माती हाताने उकरून तो बघतो, पांढरी मुळी सुटली आहे की नाही, वाफसा आहे की नाही. खत सोडायचे की थांबायचे हे त्यावर ठरते. झाडाचा आधार म्हणून आपण ज्यांची कल्पना करतो ती जाड, लाकडी मुळे शोषणाचे काम जवळजवळ करत नाहीत. ती वाहतूक करतात, साठा करतात, झाड उभे धरतात. खाण्यापिण्याचे काम टोकाकडच्या कोवळ्या मुळ्यांचे. शास्त्रात बराच काळ 2 मिलिमीटरपेक्षा बारीक असलेल्या सगळ्या मुळांना एकाच टोपलीत टाकले जाई. ही रेघ सोयीची होती, पण निसर्गाला तिच्याशी काही देणेघेणे नव्हते. 1.8 मिलिमीटर जाडीचे, साल धरलेले, दहा वर्षांचे मूळ आणि अर्ध्या मिलिमीटरची महिन्याभराची पांढरी मुळी यांचे वजन एकत्र करून सरासरी काढणे चूकच होते.

2002 साली कर्ट प्रेगिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या नऊ वृक्षांची मुळे काळजीपूर्वक सोडवली आणि ओढ्यांना क्रमांक देण्याची भूगोलातली पद्धत त्यांना लावली. अगदी टोकाची, जिला आणखी फाटा नाही ती पहिल्या क्रमांकाची. अशा दोन मिळून दुसरी होते, दोन दुसऱ्या मिळून तिसरी. असे मोजल्यावर चित्र एकदम स्वच्छ झाले. पहिल्या क्रमांकाच्या मुळ्या सर्वांत बारीक, सर्वांत आखूड, आणि नत्र त्यांच्यात सर्वांत जास्त. जसजसे खोडाकडे यावे तसतसे नत्र कमी आणि लाकूड जास्त. पुढे चीनमध्ये दाली गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेवीस वृक्षजातींच्या मुळांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. शोषण करणारा मऊ थर आणि त्यात वस्तीला आलेली बुरशी हे दोन्ही मुख्यतः पहिल्या दोन-तीन क्रमांकांतच सापडते, असे त्यांना आढळले. मांचुरियातल्या ॲश वृक्षावर झालेल्या कामात आणखी एक गोष्ट दिसली. टोकाकडच्या क्रमांकांचा झुपका एकत्र येतो आणि एकत्रच मरतो. म्हणजे जमिनीखाली पानाच्या तोडीचे, ठरावीक आयुष्याचे, टाकाऊ असे एखादे एकक असलेच तर ते हा झुपका आहे.

या झुपक्यांची उलाढाल लहान नाही. रॉबर्ट जॅक्सन, हॅरोल्ड मूनी आणि अर्न्स्ट-डेटलेफ शुल्झ यांनी 1997 साली पृथ्वीवरच्या बारीक मुळांचा ताळेबंद मांडला. बारीक मुळे वर्षातून सरासरी एकदा बदलली जातात असे गृहीत धरले, तर जमिनीवरच्या वनस्पती दरवर्षी जे काही नवे शरीर घडवतात त्यातला सुमारे 33 टक्के वाटा या मुळ्यांवर खर्च होतो, असा त्यांचा अंदाज होता. ‘वर्षातून एकदा’ हे गृहीतक डळमळीत आहे, तरी वाटा मोठा आहे याविषयी दुमत नाही. इतके सगळे शरीर झाड दरवर्षी नत्रा-स्फुरदासकट टाकून देत असेल, तर पानांतून केलेली काटकसर खालून वाहून जाते आहे असे म्हणावे लागेल.

खरी अडचण इथून सुरू होते. पान कधी मेले ते सांगता येते. ते गळले, खाली पडले, जाळीत सापडले, तारीख मिळाली. मुळीला देठ नसतो आणि सुटण्याचा पडदाही नसतो. मेल्यावरही ती होती त्याच जागी, त्याच मातीत, त्याच मोठ्या मुळाला चिकटून राहते. पांढरी मुळी फिकट पिवळी होते, मग तपकिरी, मग काळपट. बाहेरचा मऊ थर आधी खचतो. आतली वाहिन्यांची दोरी कधी त्याच्याबरोबर मरते, तर कधी साल धरून पुढे वर्षानुवर्षे जगते. यातल्या कोणत्या क्षणाला मृत्यू म्हणायचे? आणि तो क्षणच पकडता येत नसेल, तर ‘मरण्याआधी’ आणि ‘मेल्यानंतर’ अशी तुलना कुठे करायची?

माणसाने यासाठी जमिनीला खिडक्या केल्या. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या ईस्ट मॉलिंगच्या फळसंशोधन केंद्रात 1960च्या दशकात जमिनीखाली काचेच्या भिंतींची मुळांची प्रयोगशाळा होती, आणि तिथे बसून लोक सफरचंदाची मुळे दिवसेंदिवस पाहत. पुढे पारदर्शक नळी तिरकी जमिनीत पुरून आत छोटा कॅमेरा सोडण्याची पद्धत आली. मिशिगनमधल्या शुगर मेपलच्या जंगलांत रोनाल्ड हेंड्रिक आणि प्रेगिट्झर यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या नळ्यांनी हजारो मुळ्यांचे जन्ममृत्यू नोंदवले. नळीतून दिसते ते असे: मुळ्या झपाट्याने येतात आणि झपाट्याने जातात. बऱ्याच एका वर्षाच्या आत नाहीशा होतात.

मग दुसऱ्या बाजूने अणुचाचण्यांचा कार्बन पुढे आला. 1963 पर्यंतच्या उघड्यावरच्या स्फोटांमुळे हवेतल्या कार्बन-14चे प्रमाण जवळपास दुप्पट झाले होते आणि त्यानंतर ते उतरत गेले. मुळातला कार्बन कोणत्या साली हवेतून घेतलेला आहे, हे त्या उतरत्या रेषेवरून कळते. ज्युलिया गॉडिन्स्की आणि सहकाऱ्यांनी 2001 साली अमेरिकेच्या पूर्व भागातल्या तीन जंगलांतली जिवंत बारीक मुळे अशी तपासली. त्यांच्यातल्या कार्बनचे सरासरी वय 3 ते 18 वर्षे निघाले. नळीवाले म्हणत महिने, कार्बनवाले म्हणत वर्षे. काही वर्षे हा वाद चांगलाच रंगला. माझ्या मते दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. नळीतून संख्या मोजली जाते आणि संख्येत टोकाच्या अल्पायुषी मुळ्यांचे राज्य असते. कार्बन वजनावर मोजला जातो आणि वजन सगळे दीर्घायुषी, लाकडाकडे झुकलेल्या मुळांत असते. पुन्हा तीच 2 मिलिमीटरची टोपली आड आली होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तो नीट विचारणाऱ्यांत ई. के. सदानंदन नांबियार हे नाव आधी घ्यावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेत ते रेडिएटा पाइनच्या लागवडीवर काम करत. हा पाइन मूळचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा, पण ऑस्ट्रेलियात त्याची हजारो हेक्टर जंगले उभी केलेली आहेत, आणि तिथल्या हलक्या जमिनींत अन्नद्रव्याचा प्रत्येक कण मोलाचा आहे. 1987 साली त्यांनी एका निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न टाकला: बारीक मुळांतून अन्नद्रव्ये परत फिरतात का? त्यांचे उत्तर नकारार्थी होते. मरणाऱ्या मुळांतून झाड लक्षात येण्याजोगे काही काढून घेते असा पुरावा त्यांना मिळाला नाही. नंतरच्या अनेकांनी जिवंत आणि मृत मुळांची तुलना केली, तेव्हा मृत मुळांत नत्राची टक्केवारी तितकीच, कधी थोडी जास्तच निघाली. पाठ्यपुस्तकांत मग असे बसले की पाने रिकामी होतात, मुळे होत नाहीत.

या टक्केवारीत मात्र एक फसगत आहे. समजा, एका जिवंत मुळीचे कोरडे वजन 100 मिलिग्रॅम आहे आणि त्यात 2 मिलिग्रॅम नत्र आहे. म्हणजे 2 टक्के. मरता मरता तिच्यातली साखर आणि पिष्ट श्वसनात जळून गेले, वजन 70 वर आले. त्याच काळात झाडाने तिच्यातले पाव नत्र काढून नेले, उरले दीड मिलिग्रॅम. आता टक्केवारी काढा: 70 मध्ये 1.5 म्हणजे 2.1 टक्क्यांहून थोडे जास्त. पाव नत्र निघून गेले आणि टक्केवारी वाढली! प्रयोगशाळेतले यंत्र टक्केवारीच सांगते, आणि तिच्यावर विसंबणाऱ्याला ‘काहीच परत गेले नाही’ असेच दिसणार. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या कुंकल, वॉल्टर्स आणि कोबे यांनी 2009 साली नेमके यावर बोट ठेवले: मुळांचे वजन घटते ते धरले नाही, तर नत्राचा अंदाज चुकतो. पानांच्या बाबतीत ही दुरुस्ती सोपी आहे, कारण पानाला क्षेत्रफळ असते. इतक्या चौरस सेंटिमीटरमागे इतके नत्र, असे मोजले की वजनाचा गोंधळ टळतो. मुळी मात्र वाळते, आकसते, तिचा बाहेरचा थर गळतो. तिचे माप कशावर घ्यायचे यावर एकमत होणे कठीण.

दुसरी फसगत बुरशीची. पाइन, ओक, साल अशा वृक्षांच्या मुळीच्या टोकाला बुरशीचे आवरण असते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी 1885 साली या जोडीला मायकोरायझा हे नाव दिले. सरकारने त्यांना ट्रफल या महागड्या भूछत्राच्या लागवडीचा अभ्यास करायला सांगितले होते. ट्रफलची लागवड साधली नाही, पण हे हाती लागले. आपल्याकडच्या बहुतेक वृक्षांत बुरशी असते ती दुसऱ्या प्रकारची, मुळीच्या पेशींच्या आत शिरणारी. कोणतीही असो, बुरशीच्या भिंतीत कायटिन असते आणि कायटिनमध्ये नत्र असते. तेव्हा मेलेल्या मुळीतले जे नत्र आपण ‘झाडाने सोडून दिलेले’ म्हणून मोजतो, त्यातले काही झाडाचे कधी नव्हतेच. ते बुरशीचे होते. शिवाय मुळी मेल्यावर कुजवणारी बुरशी आणि जिवाणू तिच्यात शिरताना बाहेरून नत्र घेऊन येतात. मृत मुळी धुऊन, वाळवून, दळून यंत्रात घातली की हे सगळे एकाच आकड्यात उतरते.

या दोन फसगती ओळखल्यानंतरचे निकाल वेगळे दिसू लागले. स्वीडनच्या अगदी उत्तरेला, ध्रुववृत्ताच्या आत अबिस्को नावाचे ठिकाण आहे. तिथल्या परिसरातल्या चाळीस वनस्पतिजातींवर ग्रेगवार फ्रेशे आणि सहकाऱ्यांनी काम केले आणि 2010 साली ते प्रसिद्ध झाले. पाने, खोड आणि मुळे तिन्हींतून किती परत घेतले जाते हे त्यांनी शेजारी शेजारी मोजले. नत्र पानांतून सरासरी 66 टक्के, खोडांतून 48, मुळांतून 27. स्फुरदाचे आकडे मात्र तिन्हीकडे जवळपास सारखे: पाने 63, खोड 56, मुळे 57. मला या दोन ओळींमधली तफावतच जास्त बोलकी वाटते. मुळे रिकामी होतात, पण नत्राच्या बाबतीत अर्धवट आणि स्फुरदाच्या बाबतीत पानांच्या तोडीने. नत्राचा मोठा भाग पेशीभित्तिकेत आणि मोडायला अवघड अशा प्रथिनांत गुंतलेला असावा, हे एक संभाव्य कारण आहे. स्फुरद तुलनेने हलता असतो. अर्थात अबिस्कोची बुटकी झुडपे आणि गवते म्हणजे उंच वृक्ष नव्हेत. हे आकडे सह्याद्रीतल्या आंब्या-जांभळाला तसेच्या तसे लावणे धाडसाचे होईल.

वृक्षाबद्दलचा सर्वांत जवळचा पुरावा पोलंडमधून आला. पोझनानच्या आदाम मित्स्कीएविच विद्यापीठात नतालिया वोयचेहोव्स्का, आग्निएश्का बाग्निएव्स्का-झादवोर्ना आणि सहकाऱ्यांनी पॉप्युलस ट्रायकोकार्पा या पॉप्लर वृक्षाची पाने आणि शोषक मुळ्या एकाच वेळी, उन्हाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत पाहिल्या. हा वृक्ष निवडण्यामागे हेतू होता. ज्याचा संपूर्ण जनुकसंच उलगडला गेला असा हा पहिला वृक्ष. त्यामुळे कोणते जनुक कधी चालू झाले हे तपासता येते. त्यांनी पाहिले की शरद ऋतूत पानांप्रमाणेच मुळ्यांच्या पेशींतही स्वभक्षणाची यंत्रणा जागी होते. पेशी स्वतःचेच घटक पिशव्यांत बांधून मोडू लागते. योशिनोरी ओसुमी यांना 2016 चे नोबेल मिळाले ते याच यंत्रणेच्या उलगड्यासाठी, त्यांनी ती यीस्टमध्ये शोधली होती. पुढे 2020 साली या गटाने दाखवले की दोन्ही अवयवांत नत्र घटते आणि त्याच वेळी ग्लुटामाइन सिंथेटेज हे विकर वाढते. सुटे झालेले नत्र प्रवासायोग्य रूपात बांधायचे काम या विकराचे असते. गंमत म्हणजे त्यांच्या मुळ्यांत साखर घटली नाही, उलट साचली. म्हणजे इथे टक्केवारीची फसगत उलट्या दिशेने होऊ शकते: साखर वाढल्यानेही नत्राची टक्केवारी खाली दिसेल. एकट्या त्या आकड्यावर मी विसंबलो नसतो. पण जनुक, विकर आणि पेशीतली मोडतोड अशा तीन साक्षी एकाच दिशेने बोलत असतील, तर मुळीचे मरण ही नुसती पडझड नसून निदान काही वेळा झाडाने स्वतः चालवलेले काम असते, हे मानायला हरकत नसावी.

‘निदान काही वेळा’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. पॉप्लरच्या मुळ्यांना थंडीची चाहूल मिळते, तयारीला वेळ मिळतो. मातीतल्या बहुतेक मुळ्यांना असा अवकाश नसतो. सूत्रकृमी, हुमणी, मूळकूज, एकाएकी सुकलेला वरचा थर यांनी मेलेली मुळी भरलेलीच मरते. एखाद्या जंगलातल्या किती मुळ्या वयाने गेल्या आणि किती अपघाताने, हे सांगणारे मोजमाप करणे फार अवघड आहे. वरचे परस्परविरोधी निकाल काही अंशी यामुळेही असावेत.

झाडाने आतून परत घेतले नाही ते कुठे जाते? दक्षिण व्हेनेझुएलात रिओ नेग्रो नदीकाठी सान कार्लोस नावाचे गाव आहे. तिथले पर्जन्यवन पांढऱ्या वाळूवर आणि निकृष्ट मातीवर उभे आहे, आणि खनिज मातीच्या वर मुळ्यांची दाट गादी पसरलेली आहे. नेली स्टार्क आणि कार्ल जॉर्डन यांनी 1978 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किरणोत्सारी कॅल्शियम आणि स्फुरद या गादीवर शिंपडले. त्यातले 99.9 टक्के गादीनेच अडवले, खाली झिरपले ते 0.1 टक्का. मेलेल्या मुळीतून जे सुटेल ते शेजारच्या जिवंत मुळीच्या किंवा तिच्या बुरशीच्या हाती पडेल अशीच ही रचना आहे. अशा ठिकाणी झाड मुळीला रिकामे करो वा न करो, जंगलाचे फारसे नुकसान होत नाही. त्या विशिष्ट झाडाचे मात्र होऊ शकते, कारण शेजारची मुळी त्याचीच असेल असे नाही. अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या ‘झाडे जमिनीखालून एकमेकांना खाऊ घालतात’ या गोष्टी वाचताना हा भेद विसरला जातो. बुरशीच्या जाळ्यांविषयीचे कितीतरी लोकप्रिय दावे प्रत्यक्ष जंगलातल्या पुराव्याच्या पुढे धावलेले आहेत, असे जस्टीन कार्स्ट आणि सहकाऱ्यांनी 2023 साली साधार दाखवले आहे.

आपल्या पानझडी जंगलांचे गणित पुन्हा निराळे. व्हेनेझुएलात बारमाही पाऊस, इथे आठ महिने कोरडे. विंध्याच्या पठारावरच्या कोरड्या जंगलात बनारस हिंदू विद्यापीठाच्या जे. एस. सिंह आणि सहकाऱ्यांनी केलेले काम 1989 साली ‘नेचर’मध्ये आले. मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या शरीरांत साठलेले नत्र आणि स्फुरद कोरड्या काळात सर्वांत जास्त आणि पावसाळ्यात सर्वांत कमी, असे त्यांना आढळले. म्हणजे पानाचा पाचोळा आणि मेलेल्या मुळ्या यांतून निघालेला माल उन्हाळाभर सूक्ष्मजीवांच्या अंगात सांभाळला जातो आणि पाऊस पडून नव्या मुळ्या फुटतात तेव्हा तो मोकळा होतो. विदर्भातली सागाची जंगले याच जातकुळीतली आहेत. कोकणातल्या जांभ्यावर मात्र एकाच हंगामात इतके पाणी कोसळते की मुळ्या वेळेवर फुटल्या नाहीत, तर मोकळे झालेले नत्र ओढ्याला लागते. पहिल्या पंधरवड्यात मुळी किती चालते याला तिथे फार किंमत आहे.

आणखी एक निकाल मला प्रथम वाचताना पटलाच नव्हता. ज्यात नत्र जास्त ते लवकर कुजते, हा कंपोस्ट करणाऱ्या कोणालाही ठाऊक असलेला नियम. त्यानुसार पहिल्या क्रमांकाच्या नत्रसंपन्न मुळ्या सर्वांत आधी कुजायला हव्यात. फान आणि गुओ यांनी 2010 साली आणि पाठोपाठ गोबेल आणि सहकाऱ्यांनी उलटे दाखवले: टोकाच्या मुळ्या त्यांच्या मागच्या जाड मुळ्यांपेक्षा सावकाश कुजतात. बुरशीचे आवरण, टॅनिनसारखी संयुगे आणि त्यांना बांधले गेलेले नत्र, ही त्यामागची संभाव्य कारणे सांगितली जातात. झाडाने मुळीत सोडलेले नत्र लगेच बाजारात येत नाही. ते वर्षानुवर्षे मातीत अडकून राहते आणि त्याबरोबर कार्बनही.

या सगळ्याचा व्यवहाराशी संबंध येतो तो हवामानाच्या गणितात. जंगले पुढच्या शंभर वर्षांत किती कार्बन धरतील हे सांगणाऱ्या संगणकीय प्रारूपांत नत्राचा हिशोब असावा लागतो, कारण नत्र संपले की वाढ थांबते. यांतल्या बऱ्याच प्रारूपांत पान गळण्याआधी झाड नत्र परत घेते, पण मुळी मरते ती जिवंतपणी होती तितकीच भरलेली, असे सरळ धरलेले आहे. नांबियार यांच्या काळचे उत्तर अशा रीतीने सूत्रांत जाऊन बसले आहे. मुळांसाठी अबिस्कोचे 27 टक्के धरायचे की शून्य, याने एका झाडाचे फार बिघडत नाही, पण बारीक मुळ्यांची जगभरची उलाढाल पाहता फरक मोठा पडतो. हा आकडा बदलायचा तर उष्ण कटिबंधातल्या वृक्षांवरची मोजमापे हवीत. आतापर्यंतचे काम प्रामुख्याने समशीतोष्ण आणि थंड प्रदेशांतले आहे, आणि सह्याद्री-सातपुड्यातल्या जंगलांत हे करायला महागडी यंत्रे लागतातच असे नाही. बारीक चाळणी, तराजू, धीर आणि नत्र मोजणारी कुठलीही कृषी प्रयोगशाळा एवढ्यावर बरेच होते.

पुढची प्रकरणे वाचण्यापूर्वी ज्यांना शक्य आहे त्यांनी चांगला पाऊस होऊन दोनेक आठवडे गेल्यावर ओळखीच्या झाडाच्या घेराखालची वीतभर माती हाताने, खुरपे न लावता मोकळी करून पाहावी. पाचोळ्याच्या लगेच खाली सर्वांत जास्त मुळ्या सापडतील. पांढरी ती नवी, हे बहुधा बरोबर ठरेल. तपकिरी किंवा काळी ती मेलेली, हे मात्र धरून चालू नये. चिमटीत धरून हलके ओढा. बाहेरची साल मोज्यासारखी सुटून आली आणि आतली दोरी ताठ, पांढुरकी राहिली, तर ती मूळकूज असू शकते किंवा मुळी नुसती मोठी होत असेल. लवचिक राहिली तर बहुधा जिवंत, मोडली तर बहुधा मेलेली. या ‘बहुधा’वरच इतक्या प्रयोगशाळांतली जिवंत-मृत अशी वर्गवारी आजही चालते.